ट्रेंच ते टेबल: गोव्यातल्या उत्खननाची नोंद संगणकात कशी ठेवावी आणि इतरांना कशी द्यावी

जॉर्जियाच्या राणी केतेवानला १६२४ साली शिराझमध्ये ठार मारलं गेलं. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिच्या अस्थींचा काही भाग गोव्यात आणला. तो जुन्या गोव्यातल्या त्यांच्या मठात, चॅप्टर चॅपेलच्या दुसऱ्या खिडकीशी ठेवल्याचं पोर्तुगीज कागदपत्रांत लिहिलेलं होतं. पुढे मठ ओसाड पडला, १८४२ मध्ये चर्चचं छत कोसळलं. तरी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला या शतकाच्या सुरुवातीला तिथं उत्खनन करताना शोध कुठे घ्यायचा हे ठाऊक होतं, कारण कुणीतरी खिडकी मोजून लिहून ठेवली होती. नंतर हैदराबादच्या सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायोलॉजीमध्ये तीन अस्थींचा डीएनए तपासला गेला. एक अस्थी यू१बी या गटाची निघाली. हा गट आपल्याकडे जवळपास आढळत नाही. उरलेल्या दोन भारतात आढळणाऱ्या गटांच्या होत्या. २०२१ मध्ये अस्थी जॉर्जियाला सुपूर्द झाल्या.

या तिन्ही अस्थी एकाच पिशवीत ‘हाडं’ म्हणून गेल्या असत्या तर निष्कर्ष काय निघाला असता? उत्खननाच्या डेटाची सगळी भानगड या एका प्रश्नात आहे. खणलेला थर पुन्हा खणता येत नाही, त्यामुळे नोंद चुकली की चुकली. संगणक इथे मदत करतो, पण सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं हा प्रश्न बराच नंतरचा. आधी क्रमांक, मग टेबल, मग सॉफ्टवेअर. हा क्रम उलटा झाला की महागडं पॅकेजसुद्धा गोंधळच जपून ठेवतं, फक्त नीटनेटका.

पुढची पद्धत पाच-दहा जणांच्या चमूसाठी आहे: विद्यापीठाचे विद्यार्थी, संशोधक, खात्यातले सहायक. उत्खनन अर्थातच रीतसर परवानगीनंतर. केंद्राचा १९५८ चा आणि गोव्याचा १९७८ चा स्मारकांचा कायदा आहे, पुरावस्तूंसाठी १९७२ चा कायदा आहे. परवानगीच्या कागदात अहवाल, छायाचित्रं आणि प्रकाशन यांबद्दल काय अटी आहेत त्या पहिल्याच दिवशी वाचून एका पानावर उतरवून ठेवा. डेटा शेवटी कुणाला दाखवता येणार, हे त्या अटींवर ठरतं.

पायरी १: क्रमांक

आपल्याकडे पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांच्या पद्धतीचा पगडा अजून आहे. चौकोनी ट्रेंच, मध्ये राखलेल्या मातीच्या भिंती, आणि प्रत्येक ट्रेंचमध्ये थर १, थर २ असे नव्यानं सुरू होणारे आकडे. वहीत हे चालतं. संगणकात ‘थर ४’ म्हटलं की कुठल्या ट्रेंचचा, असा प्रश्न येतो, आणि घाईत ट्रेंचचं नाव लिहायचं राहिलं की ती खापरं कायमची अनाथ.

म्हणून संपूर्ण स्थळासाठी एकच सलग क्रमांकमाला ठेवा. प्रत्येक ट्रेंचला आधीच एक गठ्ठा देऊन टाका: ट्रेंच ग३ ला १०० ते १९९, ग४ ला २०० ते २९९. मग दोन ट्रेंचमध्ये दोन माणसं एकाच वेळी काम करत असली तरी आकडे आपसांत भिडत नाहीत. जुन्या पद्धतीचा थर क्रमांक हवा असेल तर तो वेगळ्या रकान्यात राहू द्या.

काही नियम कडक पाळायचे. दिलेला क्रमांक परत वापरायचा नाही. थर चुकून दोनदा नोंदवला गेला तर दुसरा क्रमांक ‘रद्द’ म्हणून यादीत राहतो, पुसला जात नाही. आणि खड्डा वेगळा, खड्ड्यातला भराव वेगळा. पायाचा चर खणला ही एक घटना, तो भरला ही दुसरी, म्हणून दोन क्रमांक. पहिल्या आठवड्यात याला नवे विद्यार्थी वैतागतात. भिंतीचा काळ ठरवायची वेळ आली की मात्र याच दोन आकड्यांवर सगळं उभं राहतं.

वस्तूंना स्वतंत्र मालिका. नाणं, मणी, चिनी मातीचा कोरीव तुकडा अशा प्रत्येक वस्तूला आपला क्रमांक. साध्या खापरांना पिशवीचा क्रमांक पुरतो, पण त्या पिशवीवर थराचा क्रमांक असलाच पाहिजे. क्यूआर असलेल्या चिठ्ठ्या मोसमाआधीच छापून ठेवता येतात. चिठ्ठी लहान झिप पिशवीत घालून मग मोठ्या पिशवीत टाका. आपली तांबडी माती ओली असली की चिठ्ठीवरचं सगळं गिळून टाकते. क्यूआरखाली आकडा वाचता येईल असा छापा, कारण मोबाइल नेमका हवा तेव्हा बंद पडतो.

पायरी २: जागा

यूटीएम म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून जागा मीटरांत सांगायची पद्धत. गोवा तिच्या ४३ उत्तर या पट्ट्यात येतो. क्यूजीआयएस या नकाशांच्या प्रोग्राममध्ये प्रकल्प उघडला की डब्ल्यूजीएस ८४, यूटीएम ४३ उत्तर ही प्रणाली निवडा. तिचा ईपीएसजी संकेतांक ३२६४३. या प्रणालीत गोव्यातल्या कुठल्याही जागेचा पूर्वेकडचा आकडा साधारण ३,५०,००० ते ४,३०,००० आणि उत्तरेकडचा १६,४५,००० ते १७,५०,००० यांच्या आत पडतो. या मर्यादा टेबलातच तपासणी म्हणून घाला. दोन रकाने उलटे भरले गेले, एखादा आकडा गळला, की संगणक तिथल्या तिथे अडवेल.

दोन ठिकाणी माणसं हमखास अडकतात. एक म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे. त्यांचा पाया एव्हरेस्ट गोलाभाचा (गोलाभ म्हणजे पृथ्वीचा गणितानं धरलेला आकार) आहे, डब्ल्यूजीएस ८४ चा नाही. स्कॅन करून नुसते अंथरले तर नदीसुद्धा जागेवरून सरकलेली दिसते. रूपांतर करूनच वापरा. दुसरी अडचण उंचीची. उपग्रहावर चालणारं उपकरण जी मूळ उंची देतं ती समुद्रसपाटीपासूनची नसते, गणिती गोलाभापासूनची असते. आपल्या भागात या दोहोंत साठ मीटरांहून जास्त फरक आहे. मिरामारला वाळूत उभं राहिलात तरी उपकरण मोठी उणे उंची दाखवतं, आणि ते बिघडलेलं नसतं. कुठली उंची लिहिली आहे ते रकान्याच्या नावातच असू द्या.

मोबाइलचा जीपीएस काही मीटर चुकतो. स्थळ शोधायला तो ठीक, ट्रेंचच्या आत निरुपयोगी. स्थळावर दोन-तीन कायमचे बिंदू पक्के करा, त्यांचे निर्देशांक चांगल्या उपकरणानं घ्या आणि बाकी सगळं टोटल स्टेशननं (कोन आणि अंतर मोजणाऱ्या उपकरणानं) किंवा टेप-लेव्हलनं त्यांच्यापासून मोजा. बिंदूसाठी सुटा चिरा घेऊ नका, पुढच्या मोसमापर्यंत तो कुणाच्या तरी कुंपणात बसलेला असतो. सिमेंटमध्ये खिळा ठोका.

पायरी ३: टेबलं

एका मोठ्या एक्सेल शीटमध्ये सगळं कोंबायचा मोह टाळा. वेगळी टेबलं लागतात: ट्रेंच, थर, थरांचे परस्परसंबंध, वस्तू आणि पिशव्या, नमुने, छायाचित्रं, आराखडे. प्रत्येकात थराचा क्रमांक, आणि तोच सगळ्यांना जोडणारा धागा. साठवायला एसक्यूलाइट किंवा जिओपॅकेज पुरतं. दोन्ही म्हणजे एकेक फाइल. सर्व्हर लागत नाही, पैसे लागत नाहीत, आणि जिओपॅकेज क्यूजीआयएसमध्ये थेट उघडतं.

थराच्या टेबलात काय असावं? क्रमांक, ट्रेंच, प्रकार (थर, चर, भराव, भिंत, जमीन), मातीचा रंग मन्सेल तक्त्यावरून, पोत, वरची आणि खालची पातळी, नोंद करणाऱ्याची आद्याक्षरं, तारीख. आणि दोन वेगळे मोठे रकाने: ‘काय दिसलं’ आणि ‘काय वाटतं’. हे दोन एकत्र करू नका. ‘जांभ्याच्या चिऱ्यांची एक ओळ, पूर्व-पश्चिम, चुन्याचा अंश नाही’ हे दिसलं. ‘मंदिराचं जोतं’ हे वाटलं. पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला तुमचं मत खोडता यावं, पण निरीक्षण हातात राहावं.

चांदोरचं उदाहरण घ्या. १९२९ मध्ये फादर हेन्री हेरास यांनी तिथं खोदकाम केलं आणि पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं त्याच परिसरात पुन्हा उत्खनन केलं. अशा जागी तुमच्या थरांत एक थर जुन्या उत्खननाचा भरावही असू शकतो. त्यासाठी ‘प्रकार’च्या यादीत ‘आधीच्या उत्खननाचा भराव’ हा पर्याय पहिल्या दिवसापासून हवा. नाहीतर त्यातली खापरं भोज-कदंब राजवटींच्या खात्यावर जमा होतील.

एक्सेल वापरणारच असाल, आणि सगळे वापरतात, तर रकान्याचं स्वरूप आधी ‘टेक्स्ट’ करा. ‘३-५’ असा थराचा क्रमांक इंग्रजी आकड्यांत लिहिला की एक्सेल त्याची तारीख करून टाकतो. ‘१ई५’ असं चौकोनाचं नाव रोमन अक्षरांत लिहिलं की एक लाख होतं. हे गुपचूप होतं, आणि फाइल बंद केली की मूळ आकडा गेला.

शेतात भरण्यासाठी ओडीके, कोबोटूलबॉक्स किंवा क्यूफील्ड ही ॲप्स फुकट आहेत आणि नेटवर्क नसताना चालतात. केपे-सांग्याच्या आतल्या भागात रेंजचा भरवसा नाही, त्यामुळे हा मुद्दा महत्त्वाचा. तरीही कागदी पत्रक सोडू नका. सेक्शनचं, म्हणजे ट्रेंचच्या उभ्या कापलेल्या बाजूचं, रेखाटन अजून मिलिमीटर कागदावरच सगळ्यात चांगलं होतं, असं माझं ठाम मत आहे. हातानं काढताना डोळा प्रत्येक रेषेचा निर्णय घेतो.

पायरी ४: स्तरक्रम संगणकाकडून तपासून घेणं

या पायरीवर संगणक खरोखर कामाला येतो. एडवर्ड हॅरिस यांनी १९७३ मध्ये थरांचा आधी-नंतरचा क्रम चौकोन आणि रेषांनी मांडायची पद्धत काढली, ती हॅरिस मॅट्रिक्स. संगणकासाठी ती म्हणजे दोन रकान्यांचं टेबल: नंतरचा थर, आधीचा थर.

समजा ग३ मध्ये असं आहे. १०४ म्हणजे कोसळलेल्या कौलांचा थर. तो १०७ या चोपलेल्या जमिनीवर पडला आहे. जमीन १०६ या चिऱ्यांच्या भिंतीला येऊन भिडते, म्हणजे भिंत आधीची. भिंत १०९ या पायाच्या चरात उभी आहे, भिंतीच्या कडेनं चरात १०८ हा भराव आहे, जमीन त्या भरावावरही पसरली आहे, आणि चर ११२ या तपकिरी थरातून कापला आहे. टेबलात जोड्या येतील: १०४–१०७, १०७–१०६, १०७–१०८, १०८–१०६, १०६–१०९, १०९–११२.

आता एका दुपारी दुसऱ्या कुणी सेक्शनच्या कोपऱ्यात पाहून ११२–१०४ अशी जोडी भरली, कारण त्या कोपऱ्यात तपकिरी माती कौलांच्या वर दिसत होती. वहीत हे दोन वेगवेगळ्या पानांवर आहे, कुणाच्या लक्षात येत नाही. संगणकाला जोड्या दिल्या की तो सांगतो: चक्र झालं. ११२ हा १०४ च्या नंतरचा आणि १०४ हा ११२ च्या नंतरचा, हे अशक्य.

चूक कुठल्या जोडीत आहे हे मात्र तो सांगत नाही. ते ट्रेंचमध्ये जाऊनच बघायला हवं. बहुतेक वेळा वरची माती म्हणजे उंदराच्या किंवा घुशीच्या बिळातून वर आलेली, किंवा तसाच दिसणारा पण निराळा थर. तसं असेल तर त्याला नवा क्रमांक. म्हणून ही तपासणी मोसम संपल्यावर नव्हे, रोज संध्याकाळी करायची. सेक्शन उभं असेपर्यंतच उत्तर मिळतं. जूनमध्ये पाऊस उतरला की उघडं सेक्शन चार दिवसांत ढासळतं.

दुसरी तपासणी अनावश्यक जोड्यांची. वरच्या यादीत १०७–१०६ ही जोडी १०७–१०८ आणि १०८–१०६ यांतून आपोआप निघते. आकृती काढताना ती गाळता येते, पण टेबलातून खोडू नका, कारण जमीन भिंतीला भिडलेली होती हे प्रत्यक्ष निरीक्षण आहे. हॅरिस मॅट्रिक्स कंपोझर हा खास याच कामाचा प्रोग्राम. साध्या आकृतीसाठी ग्राफविझही पुरतो. क्रम बसला की मग खापरं आणि कार्बन-१४ च्या तारखा त्यावर ठेवून बघा. वरच्या थराची तारीख खालच्यापेक्षा जुनी आली तर प्रयोगशाळेला दोष देण्याआधी भरावाची शक्यता तपासा. कार्बनच्या नोंदीत प्रयोगशाळेचा क्रमांक, मूळ वय आणि त्याची कमी-अधिक मर्यादा हवीच. ‘इसवी सन अमुक’ हे रूपांतर इंटकॅल२० सारख्या वक्रावरून होतं, आणि वक्र दर काही वर्षांनी सुधारतात. मूळ आकडा असला की पुन्हा मोजता येतं.

पायरी ५: शब्द आणि लिपी

‘लाल खापर’, ‘तांबडं खापर’, ‘लाल भांडं’ हे संगणकाला तीन वेगळे प्रकार. निवडीची यादी द्या, मोकळं टंकन नको. जांभा, चिरा आणि लॅटराइट यांचंही तेच: दगड म्हणून एक शब्द ठरवा, घडवलेला चौकोनी ठोकळा म्हणून दुसरा. प्रत्येक शब्दाला एक संकेतांक द्या आणि त्यापुढे मराठी, कोंकणी, इंग्रजी नावं लिहा. गेटी या संस्थेच्या कला आणि वास्तुकला शब्दकोशात त्या संकल्पनेचा क्रमांक असेल तर तोही जोडा. मग लिस्बनमधला अभ्यासकसुद्धा तुमचं टेबल शोधू शकतो.

गावांच्या नावांत तर गोवा म्हणजे कसोटीच. चांदोर, चांदर आणि चंद्रपूर एकच. उलट जुनं गोवं, म्हणजे पोर्तुगीज कागदांतलं ‘वेल्हा गोवा’, हे एक ठिकाण आणि गोवा वेल्हा, जिथं कदंबांचं गोपकपट्टण होतं, ते दुसरं. शब्दांची नुसती अदलाबदल झाली की मांडवीकाठची वस्तू जुवारीकाठी जाते. स्थळालाही क्रमांकच द्या, नावं त्याच्या पोटात.

टंकन फक्त युनिकोडमध्ये. जुन्या फॉन्टांत टंकलेले अहवाल दुसऱ्या संगणकावर उघडले की चिन्हांची भेळ होते, ते आधी रूपांतरित करा. युनिकोडमध्येही ‘ऱ’ दोन प्रकारे साठवला जातो: एक अखंड, दुसरा र खाली नुक्ता जोडून. डोळ्याला सारखाच दिसतो, शोधताना सापडत नाही. एनएफसी नावाचं सामान्यीकरण सगळ्या मजकुरावर एकदा चालवलं की दोन्ही एक होतात. डेटातले आकडे मात्र इंग्रजीच ठेवा, कारण देवनागरी आकड्यांची बेरीज बरेच प्रोग्राम करत नाहीत. फाइलींची नावं रोमन अक्षरांत, मोकळी जागा न सोडता.

पायरी ६: छायाचित्रं आणि त्रिमिती

प्रत्येक थराची अनेक छायाचित्रं घेऊन वेबओडीएम किंवा मेटाशेपमध्ये त्रिमिती प्रतिमा बनवता येते. लगतच्या दोन छायाचित्रांत ६० ते ८० टक्के भाग सामाईक हवा, आणि ट्रेंचमध्ये मोजलेले किमान चार-पाच बिंदू ठळक दिसायला हवेत. त्यांच्याशिवाय बनलेली प्रतिमा देखणी असते, पण तिच्यावर मोजमाप करता येत नाही. भर उन्हात जांभा भगभगीत दिसतो. सकाळी लवकर किंवा ढगाळ वेळी घ्या, रंगपट्टी चौकटीत ठेवा. उसगाळीमळला कुशावतीच्या काठी जांभ्यावर कोरलेली चित्रं आहेत, तशा उथळ रेषांसाठी तिरपा उजेड उपयोगी पडतो आणि त्रिमितीत कृत्रिम उजेड हवा तसा फिरवता येतो. मूळ छायाचित्रं कधी खोडू नका. प्रतिमा पुन्हा बनवता येते.

पायरी ७: रोजची संध्याकाळ

खणणं थांबलं की सगळ्यांनी आपापल्या नोंदी जुळवायच्या: आज दिलेले क्रमांक, भरलेली पत्रकं, पिशव्या, छायाचित्रं. आकडे जुळले नाहीत तर तेव्हाच शोधायचं. मग तीन प्रती: एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक स्थळापासून दूर, क्लाउडवर किंवा दुसऱ्या गावातल्या कुणाकडे. एसएचए-२५६ चा ठसा (फाइलीतल्या मजकुरावरून निघणारा सांकेतिक आकडा) काढून ठेवला की पुढे प्रत बिघडली का ते कळतं. पावसाळ्यात डिस्क कपाटात सिलिका जेलसोबत ठेवा, आणि वर्षातून एकदा उघडून बघा.

पायरी ८: इतरांना देणं

आधी काय द्यायचं नाही ते ठरवा. संरक्षण नसलेल्या जागेचे नेमके निर्देशांक जाहीर केले की गुप्तधन शोधणारे कुदळी घेऊन पोचतात. अशा स्थळाचे अक्षांश-रेखांश दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत ठेवा, म्हणजे जागा साधारण किलोमीटरभराच्या अंदाजात राहते. नेमके आकडे खात्याकडे. कामगारांचे चेहरे आणि नावं त्यांच्या संमतीशिवाय नकोत. मानवी अस्थींची छायाचित्रं, देवस्थानाच्या आवारातलं काम, कोमुनिदादची, म्हणजे गावाच्या सामूहिक मालकीची जमीन, या सगळ्यात आधी तिथल्या लोकांशी बोला. गावकऱ्यांना जे माहीतच नाही ते इंटरनेटवर टाकणं शहाणपणाचं नाही.

मग टेबलं सीएसव्हीमध्ये, युटीएफ-८ सांकेतनात. नकाशे जिओपॅकेजमध्ये, छायाचित्रं टिफमध्ये, अहवाल पीडीएफ/ए मध्ये. सोबत दोन कागद अत्यावश्यक. एक वाचा-आधी फाइल: कुणी, कुठे, कधी, कुठल्या परवानगीनं, कुठल्या निर्देशांक प्रणालीत, काय वगळलं आणि का. दुसरा रकान्यांचा कोश, ज्यात प्रत्येक रकान्याचा अर्थ, एकक आणि रिकाम्या चौकटीचा अर्थ दिलेला असेल. रिकामं म्हणजे सापडलं नाही, की बघितलं नाही? हा फरक न लिहिल्यामुळे कितीतरी चांगला डेटा वाया गेला आहे.

कुठे ठेवायचं? संस्थेचं संकेतस्थळ निविदा बदलली की बदलतं, तिथे एकुलती प्रत ठेवू नका. सर्न या युरोपीय संशोधनसंस्थेचं झेनोडो हे डेटाचं भांडार फुकट आहे, एका नोंदीत ५० जीबीपर्यंत मावतं आणि कायमचा डीओआय, म्हणजे न बदलणारा ओळखक्रमांक, मिळतो. ओपन कॉन्टेक्स्ट हे खास पुरातत्त्वासाठी आहे. तिथे संपादक डेटा तपासून घेतात. परवान्यासाठी क्रिएटिव्ह कॉमन्सचा ‘श्रेय द्या’ हा ४.० परवाना बहुतेकांना पुरतो, अर्थात परवानगीच्या अटींत बसत असेल तर. मोठ्या संग्रहांशी जोडून घ्यायचं असेल तर सीआयडीओसी सीआरएम हे सांस्कृतिक वारशाची माहिती एकमेकींशी जोडायचं आयएसओ २११२७ मानक आहे. छोट्या चमूनं त्याच्या मागे पहिल्याच वर्षी लागू नये. क्रमांक आणि जोड्या नीट असतील तर ते रूपांतर पुढे कधीही होतं.

अंतिम अहवालाची वाट बघू नका. आपल्याकडे कित्येक उत्खननांचे अहवाल दशकानुदशकं रखडले आहेत, आणि तोवर खणणारी माणसं निवृत्त होतात. मोसमागणिक आवृत्ती काढा: १.०, मग खापरांचा अभ्यास जोडला की १.१, कार्बनच्या तारखा आल्या की १.२. प्रत्येक आवृत्तीत काय बदललं ते दोन ओळींत लिहा आणि जुनी आवृत्ती तशीच राहू द्या.

पहिली आवृत्ती चढवण्याआधी ती फाइल उत्खननाला न आलेल्या कुणाला तरी द्या आणि १०७ वर काय सापडलं, त्याचं छायाचित्र कुठलं, ते खापर आज कुठल्या पेटीत आहे, एवढं विचारा. तुम्हाला फोन न करता त्याला उत्तर मिळालं तर फाइल चढवा.